कलम चार आणि दप्तरखोलीचं कुलूप

मी: सफाईवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, साहेब. आठ दिवसांपूर्वीच म्हणाल्या, "बाई, या दप्तरखोलीच्या दाराखाली लाकडाची पाचर सरकवत जा. पाठ फिरली की हे दार आपलं आपण लागतं." आणि मी त्यांना काय सांगावं? "मावशी, मी अर्थशास्त्रात एम.ए. केलंय, दार कसं उघडायचं ते कळतं मला."

साहेब: बाई, मावशी काय म्हणाल्या हा सदर विषय नाही. मी एवढंच विचारतोय, करार कुठं आहे?

मी: आत.

साहेब: आणि या दाराची किल्ली?

मी: आत. खिळ्याला टांगलीय.

साहेब: दुसरी किल्ली असेल की!

मी: तीही आतच. दुसरी किल्ली दप्तरखोलीतच ठेवावी असं तुमचंच परिपत्रक आहे. हरवू नये म्हणून.

साहेब: मग ते बरोबरच आहे. हरवली तर नाही ना? पण बाई, साडेअकराला मंत्री येणार. खाली सभागृहात खुर्च्या लागल्या. दोन्ही देशांचे झेंडे इस्त्री होऊन आले. आणि दोन देशांच्या व्यापार कराराची मूळ प्रत एका बंद खोलीत! निदान आत कोणी अडकलं नाही, एवढंच नशीब.

मुंगी: आई, मी आत आहे.

साहेब: हे कोण बोललं?

मी: साहेब, रागावू नका...

मुंगी: मुंगी बोलली.

साहेब: बाई. आपल्या दप्तरखोलीत मुंगी बोलते?

मी: माझी मुलगी आहे. घरी मुंगी म्हणतो तिला. पावणेतीन वर्षांची. पाळणाघरात कांजिण्या निघाल्यात, तिचे बाबा फिरतीवर, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालंय. अकरापर्यंतच ठेवणार होते हो तिला. रंगीत खडू दिले होते. मी फक्त समोरच्या टेबलावरची फीत घ्यायला बाहेर आले, वारा आला आणि खट्.

साहेब: कार्यालयात मूल आणू नये, हे मी तुम्हाला लेखी कळवलं होतं.

मी: हो. ते पत्रही आतच आहे.

साहेब: तिला सांगा, आतला खटका फिरव.

मी: तो मलाच दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. त्याला तेल घालावं म्हणून तीन अर्ज केलेत मी.

साहेब: अर्ज विचाराधीन आहेत.

मी: मुंगी, बाळा, हलू नकोस हं तिथून. तुझ्या हातात काय आहे?

मुंगी: काही नाही.

मी: काही नाही म्हणजे नक्की काहीतरी आहे. साहेब, आत टाचण्या आहेत. डिंक आहे. शाईच्या बाटल्या आहेत, कागद कापायची सुरी आहे. खिडकीला गज आहेत, पण दोन गजांत किती अंतर आहे ते मी मोजलेलं नाही. आणि मागचं ते मोठं कपाट एका पायानं लंगडं आहे, त्याच्याखाली आपण जुनी वही घडी करून घातलीय. फोडा, दार फोडा!

पाहुणे: नमस्कार. खाली सगळे घड्याळं बघायला लागले, म्हणून म्हटलं वर येऊन बघावं. तुम्ही दोघं दाराशी बोलताय का?

साहेब: या, या, महाशय! काही नाही, तूर्तास एक किरकोळ तांत्रिक बाब. बाई, समुद्रापलीकडून आलेले व्यापार प्रतिनिधी स्वतः जिना चढून आलेत. केस तरी नीट करा.

मी: माझी लहान मुलगी आत अडकलीय, आणि किल्ली पण आतच आहे.

साहेब: आणि करार. करारही अडकलाय.

पाहुणे: त्या आधी मुलगी म्हणाल्या.

साहेब: हो, हो, मुलगीही अडकलीय. पण दार सरकारी आहे, महाशय. जुने मालक देश सोडून गेले तेव्हापासूनचं सागवानी दार. फोडायचं तर नमुना सतरा भरावा लागतो.

पाहुणे: सतरा? तुमच्याकडेही सतराच?

साहेब: म्हणजे? तुमच्याकडे...

पाहुणे: तोच. तीन प्रतींत, हिरव्या शाईत. त्यात "कुलपाचे प्रयोजन" असा एक रकाना आहे. सत्तर वर्षांत कोणाला त्याचा अर्थ लागलेला नाही.

साहेब: आम्ही त्यात "यथोचित" लिहितो.

पाहुणे: आम्हीसुद्धा!

साहेब: बघा बाई, याला म्हणतात सामायिक इतिहास. दोघांच्याही डोक्यावर तेच मालक, दोघांनाही तोच नमुना. आजच्या भाषणात मी हेच...

मी: साहेब!

साहेब: भरतोय, भरतोय. "आत अडकलेल्या वस्तूचे वर्णन."

मी: मुलगी.

साहेब: नगात की वजनात?

मी: अहो साहेब!

साहेब: नग एक. टिकाऊ की नाशवंत?

पाहुणे: आमच्याकडे सजीवांसाठी वेगळा आहे. सतरा-ब. मुळात घोड्यांसाठी होता.

साहेब: सतरा-ब! आम्हाला तो मिळालाच नाही. जाताना तुम्हाला भरभरून देऊन गेले बघा ते.

मुंगी: आई, मी चढते.

मी: कशावर?

मुंगी: स्टुलावर. वर डबी आहे. गोल आहे.

मी: नाही! मुंगी, खाली उतर. आत्ताच्या आत्ता उतर! ऐकलंस का? मुंगी? अगं बोल ना. साहेब, ती बोलत नाहीये. ही मुलगी झोपेतसुद्धा गप्प नसते. मुंगी! मुंगी!

पाहुणे: बाई, ओरडू नका. बाहेरून ओरडलं की आतलं माणूस दारापासून लांब जातं.

मी: मग काय करू मी?

पाहुणे: काहीतरी चुकीचं बोला.

मी: काय?

पाहुणे: थांबा, मीच बोलतो. मुंगी, अगं मी आत्ता खाली एक मांजर बघितलं. सहा पायांचं.

साहेब: महाशय, आमच्या आवारात असलं काही...

पाहुणे: शू! सहा पाय होते त्याला. आणि भू भू करत होतं.

मुंगी: मांजर म्याव करतं.

मी: बोलली!

पाहुणे: काहीतरीच. म्याव तर गाय करते.

मुंगी: नाऽऽही! गाय हम्मा करते. तुला काहीच येत नाही.

पाहुणे: नाही ना येत. मला कोणी शिकवलंच नाही बघ. जरा खाली उतरून दारापाशी येतेस? लांबून नीट ऐकू येत नाही.

मुंगी: आले. ऐक. मांजर म्याव. गाय हम्मा. कुत्रा भू भू.

पाहुणे: अस्सं. आणि साहेब?

मुंगी: साहेब "बाई, बाई" करतात.

साहेब: हं. मुलीचं निरीक्षण चांगलं आहे.

मी: तुम्ही बोलत राहा तिच्याशी, थांबू नका. पण एक विचारू? तुम्ही वर आल्यापासून उजवा हात खिशातून बाहेर काढलेला नाही. साहेबांच्या हातातून नमुना घेऊन बघितलात, तोही डाव्या हातानं. काय धरून ठेवलंय खिशात?

पाहुणे: तुमचं फार बारीक लक्ष असतं हो.

मी: मूल असलं की कोणाच्या मुठीत काय आहे ते आधी बघायची सवय लागते.

पाहुणे: किल्ली आहे. माझ्या घरची.

मी: मग?

पाहुणे: करार तुम्हीच टंकलाय ना? कलम चार पाठ असेल तुम्हाला.

मी: "एका देशाचे कुलूप दुसऱ्या देशातील किल्लीने उघडत नसल्याने, उभय देश परस्परांची कुलुपे विनाशुल्क आयात करतील, जेणेकरून उभय जनतेस निर्धास्त झोप लागेल."

साहेब: निर्धास्त झोप हे माझं. मंत्र्यांना फार आवडलं. महाशय, तीन वर्षं वाटाघाटी केल्यात आपण. आम्ही साबण विकायला काढला, तर तुमच्याकडे साबण. तुम्ही बादल्या काढल्या, तर आमच्याकडे बादल्यांचे डोंगर. बाकीची दहा कलमं नुसती मैत्रीवर आहेत. विकायला म्हणून काय ते हे एक कलम चार!

पाहुणे: आणि ते खोटं आहे.

साहेब: काय?

पाहुणे: काल दुपारी तुमच्या अतिथीगृहावर पोचलो. बोटीनं अंग आंबून गेलेलं. खिशात हात घातला, किल्ली काढली, दार उघडलं, बूट काढले आणि सवयीनं हाक मारली, "आई, आलो गं." आत एक गृहस्थ चादर बदलत होते. ते म्हणाले, "आई नाही, मी आहे." तेव्हा कुठं हातातली किल्ली बघितली. माझ्या घरची होती.

साहेब: अशक्य! आमचं कुलूप शंभर टक्के स्वदेशी आहे. साचे गुप्त आहेत.

पाहुणे: आमचेही गुप्तच आहेत. किती आहेत तुमचे? सात?

साहेब: ते मी सांगू शकत नाही.

पाहुणे: सातवा जरा डावीकडे कलता आहे?

साहेब: बाई! हे यांना कोणी सांगितलं?

पाहुणे: कोणी नाही सांगितलं. रात्रभर विचार केला तेव्हा उलगडलं. जुन्या मालकांनी एक यंत्र तुमच्याकडे बसवलं, त्याचंच जुळं आमच्याकडे. ते गेले, यंत्रं मागंच राहिली. तुम्ही तुमच्याला हिरवा रंग दिलात, आम्ही आमच्याला निळा. आणि दोघांनीही त्यावर "स्वदेशी" असं ठोकून घेतलं.

साहेब: म्हणजे सत्तर वर्षं तुमच्या देशातली किल्ली आमच्या... अहो, पण मग चोर? चोरांच्या कसं लक्षात आलं नाही?

पाहुणे: त्यांनी करून बघितलं नसावं. त्यांचाही स्वदेशीवर विश्वास असणार.

मी: तुम्ही दोघं इतिहास नंतर बोला हो! ती किल्ली काढा आणि हे दार उघडा.

पाहुणे: बाई, आमच्या कारखान्यात चारशे माणसं आहेत. एकच पाळी चालते. हा करार झाला तर दुसरी पाळी सुरू होईल. या दाराचं कुलूपही अतिथीगृहाच्याच साच्याचं दिसतंय. त्यात ही किल्ली फिरली की कलम चार तिथंच आटोपलं. मग मी परत जाऊन त्यांना काय सांगू? मघापासून हात खिशात आहे तो त्यासाठीच. बाहेर काढवत नाही, आणि आत ठेववतही नाही.

साहेब: राहू द्या, राहू द्या तो आतच! मंत्र्यांनी ते वाक्य दोन वेळा मोठ्यानं वाचलंय. त्यापेक्षा आपण रीतसर जाऊ. नमुना सतराला सहाच तर सह्या लागतात.

मुंगी: आई, मी डबी घेते. कपाट डुलतंय.

मी: काका, ती त्या लंगड्या कपाटाखाली उभी आहे.

पाहुणे: मुंगी! अगं, मुंगी हे तुझ्या आईचं नाव आहे ना?

मुंगी: नाही! माझं आहे!

पाहुणे: छे, छे. तुझं नाव हत्ती. मला साहेबांनी सांगितलं.

मुंगी: साहेबांना काही येत नाही! मी मुंगी!

पाहुणे: खरी मुंगी असशील तर दाराखालच्या फटीतून बोट काढून दाखव बघू. हत्तीचं बोट नाही निघायचं.

मुंगी: हे बघ.

मी: निघालं! बोट निघालं. निळं आहे! काका, ते निळं का आहे? शाईनं झालं असेल ना? शाईच असेल ना ती?

पाहुणे: शाईच आहे. ही घ्या किल्ली. तुम्ही लावा, मी तिच्याशी बोलत राहतो. मुंगी, बोट आत घे आणि तिथंच बसून राहा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना, बाई?

मी: हो.

साहेब: थांबा, निदान प्रयोजनात "यथोचित" लिहून...

मी: फिरली! अहो, आमच्या किल्लीपेक्षा हलकी फिरली. मुंगी! ये, ये माझ्याकडे. डोकं बघू. हात बघू. आ कर. मोठा आ. जीभ दाखव. काही गिळलं नाहीस ना? डबीत काय होतं?

मुंगी: डबी उघडतच नाही.

साहेब: बाई, हिच्या कपाळावर "तातडीचे" असं उमटलंय.

मुंगी: पोटावर पण आहे.

मी: पोटावर "गोपनीय" आहे. असू दे. धुतलं की जाईल. जाईल ना हो? ती शाई साबणानं जाते ना?

साहेब: आणि माझा करार... हे काय! पहिलं पान, "दुरुस्तीसाठी परत". दुसरं पान, "दुरुस्तीसाठी परत". अकराच्या अकरा पानांवर! सुकलेलीसुद्धा नाही शाई.

पाहुणे: फार सुबक मारलेत. दोनच उलटे आहेत.

साहेब: संपलो मी. मंत्री पंचवीस मिनिटांत येतील. त्यांना काय सांगू? एका पावणेतीन वर्षांच्या नगानं दोन देशांचा करार परत पाठवला?

मी: साहेब, शिक्का कोणी मारला, असा रकाना असतो का कुठं?

साहेब: नाही बुवा. शिक्का तो शिक्का.

पाहुणे: आमच्याकडेही तसंच. एकदा "दुरुस्तीसाठी परत" बसला की दुरुस्ती केल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही.

मी: मग करा दुरुस्ती. कलम चारमध्ये. बघा, मी घाबरट बाई आहे. निजायच्या आधी दाराची कडी तीन वेळा बघते, झोपलेल्या मुलीच्या नाकापुढं बोट धरून बघते. आता हे कळल्यावर मला कसली झोप लागणार? एकसारखीच कुलपं एकमेकांना विकून कोणाचं भलं होणार आहे? तुमच्याकडे एक यंत्र आहे, आमच्याकडे एक आहे, पण नवा साचा कोणाकडेच नाही. तो दोघांनी मिळून करा. आठवा करा, नववा करा, पन्नास करा! पितळ तुमच्याकडे चांगलं मिळतं. स्प्रिंगा आमच्याकडे चांगल्या होतात.

साहेब: आमच्या स्प्रिंगांना तोड नाही.

मी: दोन्ही देशांतली झाडून सारी कुलपं बदलायची म्हणजे किती वर्षांचं काम आहे ते बघा. काका, तुमच्या चारशे माणसांना दुसरी पाळी मिळेल. आमच्याही लोकांना मिळेल.

पाहुणे: कदाचित तिसरीसुद्धा. आणि बाई, लहान मुलाच्या हातानं फिरेल असा खटका.

मी: तो सगळ्यात आधी.

साहेब: हे मी म्हणणारच होतो. अगदी ओठांवर होतं. घ्या, लिहून घ्या. "उभय देश संयुक्तपणे, यथोचित..."

पाहुणे: नवीन कलमात आधी कोणत्या देशाचं नाव घालायचं? मागच्या वेळी यावर चौदा महिने गेले होते.

मुंगी: मुंगीचं घाला.

साहेब: तूर्तास "उभय" एवढंच पुरे. बाई, टंका पटापट.

मी: टंकतेय. मुंगी, माझ्या पायाशी बस, ते खडू घे. काका, बोटं चालू आहेत माझी, पण विचारू का? ही चुकीचं बोलायची युक्ती कुठं शिकलात? तुम्हाला मुलं आहेत?

पाहुणे: नाही. आई आहे. सत्त्याऐंशी वर्षांची. आतून खटका लावून घेते आणि मग दार उघडायचं असतं हेच विसरते. कधी मी कोण तेही विसरते. संध्याकाळी कामावरून आलो की माझा अर्धा तास जिन्यातच जातो.

मी: पण तुमच्याकडे किल्ली आहे की.

पाहुणे: आहे. सुरुवातीला उघडायचोही. पण असं एकदम दार उघडलं की ती भिंतीला चिकटून उभी राहते, कोणी परका घुसल्यासारखी. मग मी बाहेर उभं राहून बोलायला लागलो. म्हणतो, "आई, मी लहानपणी फार शहाणा होतो, नाही?" हे तिला अजिबात खपत नाही. तावातावानं येते आणि दार उघडून मला झाडते.

मी: आणि आता तुम्ही इथं आहात तर?

पाहुणे: भाचा येऊन जातो दुपारी.

मी: आज बोललात आईंशी?

पाहुणे: सकाळी फोन केला होता. वाजत राहिला. म्हटलं, अंघोळीला गेली असेल. मग तुमचे ते झेंडे, फोटो, चहापान...

मी: आणि काल?

पाहुणे: काल भाचा म्हणाला, बरी आहे. तसा तो... न जाताही बरी आहे म्हणतो कधी कधी.

मी: काका, फोन लावा.

पाहुणे: सही झाली की लावतो.

मी: आधी लावा. मघाशी दारापाशी तुम्ही माझ्यासाठी थांबलात. आता करार थांबू दे.

साहेब: बाई, मंत्र्यांची गाडी फाटकात शिरली. वरून दिसतेय मला.

मी: साहेब, दहा मिनिटं द्या फक्त.

साहेब: दहा मिनिटं! मंत्र्यांना दहा मिनिटं मी कशात गुंतवू? भाषणही माझं चारच मिनिटांचं... थांबा. नमुना सतरा. दोन देशांच्या सामायिक इतिहासाचं प्रतीक म्हणून आज तो मंत्र्यांच्या हस्ते भरून घेतो. तीन प्रतींत. हिरव्या शाईत. प्रयोजनाच्या रकान्यापाशी पोचले की तिथं सहज पाव तास जाईल. मुंगी, चल गं माझ्याबरोबर. तो शिक्काही घे.

मी: साहेब, तिचा हात धरून जिना उतरा हं. कठड्याच्या बाजूनं नको, भिंतीच्या बाजूनं. आणि तिला...

साहेब: बाई, बाई!

मुंगी: बघ, केलं ना साहेबांनी "बाई, बाई"!

पाहुणे: घरी अजून नुसताच वाजतोय. खालच्या मजल्यावर लावतो. लागला फोन. हॅलो, मास्तर? मी वरच्या मजल्यावरचा. हो, तिकडूनच बोलतोय. करार होतोय, होतोय. मास्तर, ऐका, जरा वर जाऊन आमचं दार वाजवाल? हो, आत्ता... खालचा शिंपी आहे. चांगला माणूस. मशीन थांबवलं त्यानं. चढतोय.

मी: किती पायऱ्या आहेत?

पाहुणे: बावीस. पोचला. वाजवतोय.

मी: काय म्हणाल्या?

पाहुणे: काही नाही.

मी: परत वाजवायला सांगा.

पाहुणे: परत वाजवलं. काही नाही. तो विचारतोय, माझ्या दुकानाची किल्ली लावून बघू का? त्याला काय माहीत, ती लागेलसुद्धा.

मी: मग लावू दे ना!

पाहुणे: नको. इतक्यात नको. मास्तर, फोन दाराला धरा. अगदी फळीला टेकवून. हां. आई. अगं, मी बोलतोय. बाहेर उभा आहे असं समज. आई, एक विचारायचं होतं. मी लहानपणी फार शहाणा होतो, नाही?

मी: काका?

पाहुणे: थांबा.

मी: काही ऐकू येतंय का?

पाहुणे: थांबा ना, बाई.

मी: मी थांबलेच आहे. नुसता श्वास तेवढा घेतेय.

पाहुणे: पावलं. सपाता घासत चालते ती. येतेय. "कोण शहाणा?" म्हणाली.

मी: उघडलं का?

पाहुणे: नाही अजून. म्हणतेय, "शहाणा असतास तर मला त्या आळशी पोरावर टाकून गेला असतास का?"

मी: बरोबर बोलल्या.

पाहुणे: भाचा कालच यायला हवा होता... खटका वाजला. उघडलं. मास्तर म्हणतोय, भांडी सगळी कोरडी आहेत, कालपासून चूल पेटलेली दिसत नाही. तो दूध तापवायला गेला आत. ती त्याला सांगतेय, पातेलं कुठलं घ्यायचं ते. चुकीचं घेतलं म्हणून रागावतेय. बाई, जरा मला खुर्ची देता?

मी: बसा, काका. घाई नाही. खाली मंत्री अजून प्रयोजनाच्या रकान्यातच असतील. (वाचणाऱ्याकडे वळून) आणि तुम्ही. हो, तुम्हीच. तुमच्याही जिन्यात असं एखादं दार असेल, आज सकाळपासून उघडलेलं दिसलं नसेल. आत असतील ते, काय होतंय, संध्याकाळी बघू, असं मीही म्हणाले असते. संध्याकाळी नको, आत्ता जा. वाजवा. लगेच उत्तर आलं नाही म्हणून परत फिरू नका. जरा उभे राहा. त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.